बर्फाआधीचं सिमेंट: सोलापूरच्या एका स्केटिंग वर्गातलं प्रकरण

सोलापुरात बर्फाची रिंक नाही. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, नळाला पाणी काही दिवसांआड येतं. अशा गावात तीनेक सेंटीमीटर जाडीचा बर्फाचा थर उणे चार-पाच अंशांवर धरून ठेवायचा खर्च कोण उचलणार? देहरादूनला २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेली हिमाद्री रिंकसुद्धा नंतर कित्येक वर्षं बंद होती, ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. सिमल्याची रिंक १९२० पासूनची आणि लेहमध्येही बर्फावर स्पर्धा होतात, पण तिथे थंडी फुकट मिळते. सोलापूरच्या माणसाचं स्केटिंग म्हणजे सिमेंटवरचं, चाकांचं.

आमचा वर्ग जुळे सोलापुरातल्या एका वसाहतीच्या मोकळ्या जागेत चालतो. बास्केटबॉलचं जुनं मैदान, २८ बाय १५ मीटर, एका कोपऱ्यात थोडं खचलेलं. वसाहतीतल्या लोकांनी वर्गणी काढून त्याला कंबरेएवढा लोखंडी कठडा लावून घेतला. पाटीवर पहिल्यापासून ‘सर्व वयांसाठी’ असं लिहिलेलं आहे, पण येत होती ती पाच ते चौदा वयाची मुलं, आणि त्यांचे आईवडील पायऱ्यांवर बसून राहत. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत भारताने रोलर स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत पुरुष आणि महिला अशी दोन्ही कांस्य पदकं घेतली. पुरुषांच्या चौघांत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. त्यानंतर आमच्याकडे चौकशा वाढल्या, त्याही मुलांसाठीच.

मोठ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा चाकं बांधायची तर शिकवण्यात काय काय बदलावं लागतं, ते आम्हाला एका बाईंमुळे नीट कळलं. त्यांच्या संमतीने, नाव न लिहिता, ते प्रकरण इथे सविस्तर मांडते आहे.

कोण, आणि कशासाठी

वय ६१. घरातच शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम. सोलापूरचे टॉवेल आणि चादरी सगळ्यांना माहीत आहेत, पण इथे गणवेश शिवण्याचा धंदाही मोठा आहे, आणि त्यातल्या कितीतरी बायकांनी अर्धं आयुष्य मशीनवर काढलंय. त्यांतल्याच या एक. त्यांना मी काकू म्हणते.

काकूंचा मुलगा कॅनडात, कॅल्गरीला. नात सहा वर्षांची. तिथे वस्तीतल्या रिंकवर मुलांना चालायला शिकवावं इतक्या सहजपणे बर्फावर उभं करतात. नात ‘कॅनस्केट’ या कार्यक्रमात शिकते. त्यात सहा टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यात तोल, ताबा आणि चपळता असे तीन भाग, एकेक भाग जमला की रिबन, आणि तिन्ही जमले की बिल्ला. व्हिडिओ कॉलवर रिबन दाखवता दाखवता नात म्हणाली, “आजी, तू येशील तेव्हा माझ्याबरोबर बर्फावर यायचं.” डिसेंबरात काकू चार-पाच महिन्यांसाठी तिकडे जाणार होत्या. जूनमध्ये, शाळा सुरू झाल्याच्या सुमाराला, त्या शेजारच्या मुलाला सोडायला म्हणून आल्या आणि कठड्याला धरून बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, मला पळायचं नाही. उभं राहून नातीच्या बाजूनं एक फेरी मारता आली की बास.”

इतकं नेमकं उद्दिष्ट घेऊन आलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटतो. ‘फिट व्हायचंय’ म्हणून येणारे महिन्याभरात गळतात. काकूंच्या डोक्यात जागा होती, दिवस होता, सोबत कोण असेल तेही होतं. शिकवण्याचा क्रम ठरवताना या नेमकेपणाचा फार उपयोग झाला.

आधी शरीर

पहिल्या दिवशी चाकं दिली नाहीत. वयस्कर माणसाला स्केट घालून बघू या म्हणणं मला पटत नाही. साध्या खुर्चीवर हात छातीशी घेऊन तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं, हे आधी पाहतो. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारापेक्षा कमी वेळा जमलं तर पायांत ताकद कमी आणि पडण्याचा धोका जास्त असं समजतात. काकूंना अकरा जमलं. एका पायावर उभं राहणं डाव्या बाजूला बरं होतं, उजव्यावर पाचेक सेकंदांत हात कठड्याकडे जायचा.

घोटे मात्र चांगले होते. वर्षानुवर्षं पायमशीन चालवल्याचा तो फायदा असावा. अडचण वर होती. दिवसभर बसून मांडीचा पुढचा भाग आखडलेला, पाठ पुढे झुकलेली, मान खाली. स्केटिंगमध्ये गुडघे वाकवायचे असतात, कंबर मोडायची नसते. कंबरेतून पुढे झुकलेला माणूस चाकांवर गेला की घाबरून एकदम मागे जातो, आणि मागे पडणं सर्वांत वाईट. डोकं आपटतं, माकडहाड आपटतं, मनगट मागे टेकतं.

म्हणून पहिले तीन आठवडे सगळं बुटांशिवाय. खुर्चीवरून उठबस, भिंतीला पाठ लावून बसकण, एका पायावर उभं राहून भाजी निवडायची (हे त्यांनी स्वतःच काढलं), आणि जमिनीवर बसून हाताचा कमीत कमी आधार घेत उठणं. घरच्या फरशीवर एक पाय दुमडलेल्या टॉवेलवर ठेवायचा, ओट्याला धरायचं आणि टॉवेलवरचा पाय दाबून बाहेरच्या बाजूला सरकवायचा. हा व्यायाम मी मुद्दाम दिला होता. त्याचं कारण पुढे येईल.

डॉक्टरांची चिठ्ठीही मागितली. रक्तदाब गोळीवर ताब्यात होता, साखर नव्हती. हाडांच्या तपासणीचं तेव्हा कुणी सुचवलं नव्हतं.

मुलाचा क्रम आणि मोठ्याचा क्रम

सहा वर्षांच्या मुलाला आम्ही आधी चालवतो, मग घसरवतो. थांबणं आणि पडणं वाटेत येतं. मूल दहा वेळा पडतं आणि अकराव्यांदा आपोआप बरं पडतं. मोठ्यांच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो, याचं कारण साधं आहे. सहा वर्षांचं मूल एकोणीस-वीस किलोचं, आणि त्याचा शरीरमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू, जमिनीपासून दोन फुटांवर. काकू चौसष्ट किलो, शरीरमध्य जवळजवळ तीन फुटांवर. वजन गुणिले उंची असा हिशेब केला तर पडताना जमिनीवर जाणारी ऊर्जा चार-पाच पट भरते. शिवाय मूल पडतं तेव्हा त्याला उद्याच्या स्वयंपाकाची, ऑर्डरीची, लोक काय म्हणतील याची काळजी नसते. मोठं माणूस पडायच्या आधीच ताठ होतं, आणि ताठ झाल्यामुळेच पडतं.

तेव्हा काकूंसाठी क्रम ठरला तो असा: पडणं, उठणं, थांबणं, उभं राहणं, आणि सगळ्यात शेवटी पुढे जाणं.

पडायला काथ्याची जाड पायपुसणी शेजारी शेजारी अंथरली. त्यात चाकं रुततात आणि फिरत नाहीत. गुडघे वाकवून जितकं खाली बसता येईल तितकं बसायचं, मग एका कुल्ल्यावर, मांडीच्या बाजूने कलंडायचं. हात पुढे, मुठी मिटलेल्या. मुठी मिटायची सवय बर्फावर फार महत्त्वाची आहे, कारण तिथे शेजारून दुसऱ्याच्या बुटाखालचं लोखंडी पातं जातं आणि उघडी बोटं बर्फावर पसरलेली असू नयेत. उठताना आधी दोन्ही हात-गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल हातांच्या मध्ये आणायचं, दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाबायचे आणि वर यायचं. चाकांवर, ढोपरपट्टे असताना, आणखी एक पद्धत शिकवतो. पुढे गुडघ्यांवर टेकायचं आणि मग मनगटपट्ट्यांच्या कडक पट्टीवर घसरू द्यायचं. भाड्याच्या बर्फाच्या बुटांबरोबर ढोपरपट्टे मिळतीलच असं नाही, म्हणून काकूंना बाजूने पडण्याचाच सराव जास्त दिला.

पहिल्यांदा मुद्दाम पडायला काकूंना बराच वेळ लागला. “मला भ्या वाटायलंय मॅडम,” म्हणाल्या. भीती खोटी आहे असं मी कुणालाही सांगत नाही. भीती रास्त आहे, फक्त ती गुडघ्यात उतरू द्यायची नाही. पायपुसण्यांवर चार-पाच सकाळी गेल्यावर त्या स्वतःहून कलंडू लागल्या, आणि एकदा हसल्या. त्या दिवसापासून खांदे सैल झाले.

साधनांबद्दल थोडं. इनलाइन घ्यायचे की चार कोपऱ्यांवर चाकं असलेले क्वॉड? नुसतं उभं राहायला क्वॉड सोपे. पण काकूंना पुढे पात्यावर जायचं होतं आणि एका रेषेतली चाकं पात्याच्या जास्त जवळची. इनलाइन घेतले. बायकांच्या मापाचे चांगले बूट दुकानात लगेच मिळेनात, पुण्याहून मागवावे लागले. हेल्मेट आणि मनगटपट्टे यांत तडजोड नाही. १९९६ साली अमेरिकेत इनलाइन स्केटिंगच्या दुखापतींचा जो अभ्यास छापून आला त्यात जवळपास एक तृतीयांश दुखापती मनगटाच्या होत्या, आणि मनगटपट्टे न वापरणाऱ्यांत तशा दुखापतीची शक्यता वापरणाऱ्यांच्या दहा पट आढळली. कॅनस्केटमध्येही पाचवा टप्पा पार होईपर्यंत हेल्मेट सक्तीचं आहे. मग आमच्या कुणी ‘केस विस्कटतात’ म्हणून तक्रार केली तर मी ऐकत नाही.

कपड्यांचा प्रश्न वेगळाच. काकू रोज साडी नेसणाऱ्या. ट्रॅकपँट घालून चौकातून यायचं त्यांना जड गेलं. सकाळी पावणेसहाची वेळ ठरवली, फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आधी. तसंही आमच्या मैदानावर उन्हाळ्यात संध्याकाळी उपयोग नाही, सूर्य मावळला तरी सिमेंट तास-दीड तास वाफ सोडत राहतं. पण खरी गंमत अशी की काकूंनी घरी बसून स्वतःसाठी आत घालायची चड्डी शिवली, दोन्ही खुब्यांवर आणि माकडहाडावर फोमचे तुकडे भरून, वरून डबल शिलाई. बाजारात मिळणाऱ्या पॅडपेक्षा ती अंगाला नीट बसत होती. पुढे आमच्या मोठ्यांच्या सगळ्या बॅचने त्यांच्याकडूनच शिवून घेतली.

ऑगस्टातला पेच

जुलैअखेर काकू कठडा सोडून मैदानाच्या निम्म्यापर्यंत जाऊ लागल्या होत्या. त्यांना बघून पायऱ्यांवरचे काही पालकही उतरले. एक अडतीस वर्षांचे वडील फार झपाट्याने शिकत होते, शाळेत असताना सायकल, क्रिकेट सगळं केलेलं. ऑगस्टात एका रविवारी ते आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मुलीबरोबर स्केटिंग करत होते, मनगटपट्टे घरात राहिले होते. उतारावर वेग वाढला, मागे पडले, हात टेकला. मनगटाचं हाड मोडलं, काही आठवडे प्लास्टर.

वसाहतीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी काकूंचे यजमान मैदानावर आले. ते चिडलेले नव्हते, घाबरलेले होते. “मॅडम, तो जवान माणूस. त्याचं हे झालं. हिला काय झालं तर पोराला काय सांगू?” मुलाचाही कॅनडाहून फोन आला, आईला थांबवा म्हणून.

इथे खरा निर्णय होता. वर्ग चालवणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत सोपं म्हणजे हो म्हणून थांबवणं. आमच्यातल्या काहींचं मत तसंच होतं, आणि ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. साठीतलं मोडलेलं खुब्याचं हाड म्हणजे ऑपरेशन, महिनोन्‌महिने सावरणं, आणि कधी कधी पुन्हा पूर्वीसारखं चालणं नाहीच. स्केटिंगच्या आनंदाने हा धोका झाकता येत नाही.

पण काकूंचा मुद्दा वेगळा होता. त्या यजमानांना म्हणाल्या, “तिथं रस्त्यावर पण बर्फच असतोय की. दूध आणायला गेले अन् पडले तर कुणाला विचारायचं?” यावर कुणाकडेच चटकन उत्तर नव्हतं. कॅल्गरीत डिसेंबर ते मार्च पदपथावर बर्फ असतो, तो वितळतो आणि पुन्हा गोठतो. काकू तिकडे जाणारच होत्या. म्हणजे निसरड्या जमिनीवर पाऊल पडणार हे ठरलेलंच होतं. पडायचं कसं, उठायचं कसं, तोल गेल्यावर गुडघे वाकवायचे की ताठ व्हायचं, हे माहीत असलेली बाई तिथे पाठवायची की माहीत नसलेली, एवढंच आपल्या हातात होतं.

आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली, हाडांच्या घनतेची तपासणी. टी-स्कोअर खुब्यात उणे १.८ आला. उणे अडीच आणि त्याखाली गेला तर हाडं ठिसूळ झाली असं धरतात. उणे एक ते उणे अडीचच्या मधला भाग म्हणजे घनता कमी झालेली, पण ठिसूळपणा नाही. हाडांच्या डॉक्टरांनी आहार, औषध आणि व्यायाम सांगितला. स्केटिंगबद्दल ते म्हणाले की वेग नको, गर्दी नको, आणि खुब्यावर पॅड असल्याशिवाय नको. दुसरी, उताराच्या जागी किंवा वर्गाबाहेर एकटीने चाकं बांधायची नाहीत, असं काकूंनी यजमानांसमोर कबूल केलं. तिसरी गोष्ट यजमानांनाच सांगितली: रोज येऊन कठड्याजवळ उभं राहा आणि तुम्हाला काळजी वाटली की ‘थांब’ म्हणा, ती थांबेल. ते येऊ लागले. पहिल्या आठवड्यात त्यांनी सतत थांबवलं. नंतर नंतर ते लहान पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधून देऊ लागले.

प्रवासाचा विमा काढताना त्यात स्केटिंगमधली दुखापत धरलेली आहे का, हे एजंटकडून लेखी घ्यायला सांगितलं. परदेशी जाणाऱ्या कुठल्याही पाहुण्याने हे विचारावं, तिकडचा दवाखाना फार महाग पडतो.

मुलांमध्ये मोठं माणूस

पडणं, उठणं, थांबणं येईपर्यंत मोठ्यांची बॅच वेगळी हवी याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही. मुलं अंगाजवळून सुसाट जातात, त्यांना मागचं-पुढचं भान नसतं, आणि नवशिक्या मोठ्या माणसाचं सगळं लक्ष त्यांना चुकवण्यात जातं. पण तो टप्पा ओलांडला की वेगळं ठेवणं नुकसानीचं होतं. सप्टेंबरात, परतीच्या पावसाने मैदान वारंवार ओलं राहू लागलं तेव्हा कोरड्या सकाळी दोन्ही बॅच एकत्र घ्याव्या लागल्या, आणि त्या काही आठवड्यांत काकू जितक्या पुढे गेल्या तितक्या आधीच्या दोन महिन्यांत गेल्या नव्हत्या.

त्याचं कारण मला असं दिसतं. मोठं माणूस सूचना ऐकतं आणि डोक्यात तिचा कीस पाडतं. मूल समोरच्याचं अंग बघतं आणि तसंच करतं. सात वर्षांची एक मुलगी काकूंच्या पुढे राहून एका पायावर घसरत जायची, मागे वळून म्हणायची, “आजी, बेडकासारखं बसा, मग उठा.” मी जे ‘गुडघ्यातून खाली’ म्हणून रोज सांगत होते ते त्यांना त्या दिवशी जमलं. कॅनस्केटच्या वर्गात कडेने एक सलग मार्ग ठेवतात, तिथे मुलं न थांबता फिरत राहतात, आणि मधल्या जागेत गटागटाने शिकवणं चालतं. आम्ही प्लास्टिकचे शंकू मांडून तसाच मार्ग आखला: बाहेरचा रस्ता सरावलेल्यांचा, आतली जागा शिकणाऱ्यांची. टक्कर जवळजवळ बंद झाली. फक्त खचलेल्या कोपऱ्यात पाणी साचायचं ते आधी पोत्याने टिपून घ्यावं लागायचं. मैदान धुवायचा प्रश्नच नव्हता, धूळ रोज झाडूनच काढायची. बारीक खडा चाकाखाली आला की चाक जागच्या जागी थबकतं आणि माणूस पुढे जातो, म्हणून हे झाडणं मी कुणावर सोपवत नाही.

चाकांवरून पात्यावर

चाकांवर शिकलेलं बर्फावर किती उपयोगी पडतं, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. वरच्या पातळीवर उत्तर स्पष्ट आहे. अमेरिकेची एरिन जॅक्सन मूळची इनलाइनवाली, उशिरा बर्फावर आली आणि २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ५०० मीटरचं सुवर्ण जिंकली. आपला विश्वराज जडेजा गुजरातेत चाकांवर वाढला आणि पुढे नेदरलँड्समध्ये बर्फावरचा वेगाचा स्केटर झाला. पण काकूंच्या पातळीवर नेमकं काय जातं आणि काय राहतं, ते बारकाईने पाहावं लागलं.

वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, पाय मागे न ढकलता बाजूला ढकलणं, गुडघ्यांत लवचीकपणा, नजर समोर, हे सगळं जसंच्या तसं जातं. जात नाही ते थांबणं. चाकं आडवी घसरत नाहीत. इनलाइनवर टाचेचा ब्रेक दाबून किंवा पाय रुंद करून थांबतात. बर्फावर पातं बाहेरच्या बाजूला दाबून बर्फ खरवडत थांबायचं असतं. दाब द्यायचा, पण पूर्ण वजन द्यायचं नाही. ओट्याला धरून टॉवेलवर पाय सरकवायचा व्यायाम याचसाठी होता: तळपायाला तो दाब आधीच ओळखीचा व्हावा म्हणून. दुसरं, फिगर स्केटच्या, म्हणजे बर्फावरच्या गिरक्या-उड्यांच्या बुटाच्या, पात्याला पुढे दात असतात. चालताना आपण जसं बोटांनी जमीन ढकलतो तसं केलं की दात बर्फात अडकतात आणि माणूस तोंडावर जातो. आइस हॉकीच्या बुटाला दात नसतात, म्हणून मुलाला आधीच सांगून ठेवलं की भाड्याने हॉकीचे बूट घे. आणि पात्याला मध्ये खोबण असते, त्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन कडा तयार होतात. घोटा आत पडला की आतल्या कडेवर वजन जातं आणि दोन्ही पाय एकमेकांपासून लांब पळू लागतात.

नेमकं तेच पहिल्या दिवशी झालं. जानेवारीत काकू पहिल्यांदा रिंकवर गेल्या, व्हिडिओ कॉल चालू होता. घोटे आत कोसळत होते. मी इथून सांगितलं, बाहेर या, नाड्या सोडा, पुन्हा बांधा. बोटांकडे सैल, पावलाच्या वरच्या वळणावर घट्ट, घोट्याच्या वर परत थोडं सैल. भाड्याचे बूट बहुतेक जण वरून आवळतात आणि मधे ढिले सोडतात. पुन्हा बांधल्यावर उभ्या राहिल्या.

तिथल्या प्रशिक्षकाने त्यांना मोठ्यांच्या सुरुवातीच्या गटात घेतलं. गटातल्या बाकीच्यांना पहिल्याच दिवशी पडण्या-उठण्यात अडकावं लागलं, काकूंना नाही. बाजूला ढकलणं त्यांना लगेच जमलं, उलट बर्फ अंगाला चाकांपेक्षा फार पुढे नेतो याची सवय करायला वेळ लागला. चाकं सिमेंटवर आपोआप मंद होतात, पातं तितक्या लवकर होत नाही. थांबणं फेब्रुवारीपर्यंत कच्चंच राहिलं, कठड्याला जाऊन हात टेकवायच्या. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली जी मला माहीत नव्हती: मशीन फिरवून बर्फ नवा केला की पहिली काही मिनिटं त्यांना भीती वाटायची, पाणी चकाकताना दिसायचं म्हणून. मग त्या थोड्या उशिराने उतरू लागल्या.

मार्चमध्ये नातीबरोबर पूर्ण फेरी झाली, आणि त्यात एकदा त्या पडल्या, बाजूने, मुठी मिटून. उठायला कुणाची मदत घेतली नाही. वसंत यायच्या आधी घराबाहेरच्या पदपथावरही एकदा घसरल्या. तेव्हाही गुडघे वाकवून बाजूला बसल्या, मांडी हिरवीनिळी झाली एवढंच. यावरून शिकवणं यशस्वी झालं असं सिद्ध होत नाही, नशीबही असतं. पण यजमानांनी त्या दिवशी मला फोन केला, ते पुरेसं होतं.

आता वर्गात काय बदललं

मोठ्यांची बॅच सकाळी पावणेसहाला. पहिले तीन आठवडे चाकं नाहीत. पन्नाशीपुढच्या बायकांना हाडांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारून या असं सांगतो, साठीपुढच्या पुरुषांनाही. पडण्या-उठण्याची परीक्षा झाल्याशिवाय कठडा सोडायचा नाही, मग वय पस्तीस असो की पासष्ट. मुलांच्या बॅचमध्येही पडणं आता पहिल्या दिवशी आणलं, त्यांना ते खेळच वाटतो. लहान मुलांसाठी क्वॉड, पुढे बर्फावर जायची इच्छा असणाऱ्यांसाठी इनलाइन. आठ-दहा शिकणाऱ्यांमागे एक शिकवणारा, त्याहून जास्त नाही, मग प्रतीक्षायादी लांबली तरी चालेल.

‘सर्व वयांसाठी’ या शब्दांना मर्यादाही आहे, आणि ती वयाची नाही, हे या हिवाळ्यात एका किराणा दुकानदारामुळे ठरवावं लागलं. वय ५४, मधुमेह बारा-चौदा वर्षांचा, उत्साह भरपूर. खुर्चीवरून उठबस चांगली, तोल बरा. पण बूट काढले तेव्हा मोज्यात एक खडा होता आणि त्याने तळपायाला घाव केला होता. त्यांना कळलंच नव्हतं. डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे नायलॉनचा बारीक तंतू तळपायाला टोचून संवेदना पाहिली, चार ठिकाणी काहीच जाणवलं नाही. स्केटचा कडक बूट तळपायाला, घोट्याला घासतो. निरोगी माणूस दोन मिनिटांत कळवळून बूट सैल करतो. संवेदना गेलेल्या पायाला फोड येतो, फुटतो, चिघळतो, आणि मधुमेहात तिथून पुढचा रस्ता वाईट असतो. शिवाय तळपाय जमिनीची बातमी देत नसेल तर तोल डोळ्यांवरच सांभाळायचा, आणि तो चाकांवर पुरत नाही.

त्यांना मी चाकं दिली नाहीत. गेलेली संवेदना सहसा परत येत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. ते नाराज झाले, दोन आठवडे आले नाहीत, मग आले. आता बंद बूट घालून, आधी आत हात फिरवून बघून, बाकीच्यांबरोबर खुर्चीचे आणि पायपुसण्यांवरचे सगळे व्यायाम करतात. हजेरीची वहीही त्यांच्याकडेच आहे, आणि मैदानात उतरणाऱ्या प्रत्येकाचे मनगटपट्टे ते स्वतः ओढून बघतात. पट्टा ढिला असेल तर आत सोडत नाहीत, मलासुद्धा.